सतरा, वीस आणि सतरा

इ. स. १७३० च्या ऑगस्ट महिन्याच्या २३ तारखेस जर्मनीतील सॅक्सनी संस्थानातल्या लायप्झिग शहराच्या नगरसभेकडे एका पगारी नोकराचा अर्ज दाखल झाला. अर्जदार सेंट थॉमसच्या शाळेचा कांटोर, म्हणजे मुलांना गाणे शिकवून ते त्यांच्याकडून चर्चमध्ये म्हणवून घेणारा शिक्षक होता. चर्चचे संगीत नीट चालावयाचे तर माणसे किती लागतात, ती कोणत्या प्रतीची असावी लागतात आणि आपल्या पदरी पडलेली माणसे कशी आहेत, याची सविस्तर कैफियत मांडून झाल्यावर अर्जाच्या अखेरीस त्याने शाळेत राहणाऱ्या मुलांची नावनिशीवार यादी जोडली होती, आणि एखाद्या पागेवरील कारकुनाने घोड्यांची गणती करावी तितक्या कोरडेपणाने हिशेब केला होता : कामाचे सतरा, अजून कामाचे न झालेले वीस, आणि मुळीच कामाचे नसलेले सतरा. खाली सही योहान सेबास्टियान बाख याची होती.

तीनच वर्षांपूर्वी, १७२७ च्या गुड फ्रायडेच्या दिवशी, ज्या शाळेतील मुलांनी याच गुरूच्या हाताखाली ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही रचना जगात प्रथम गाइली, त्या शाळेविषयीचा हा अभिप्राय वाचताना हसूही येते आणि पोटात कालवतेही. बाखचे चरित्रकार या अर्जापाशी आले की नगरसभेला धारेवर धरतात. असल्या कद्रू, अरसिक कारभाऱ्यांच्या हाती देवाने असा रत्नासारखा माणूस द्यावा, याबद्दल हळहळतात. प्रस्तुत लेखकाचा कल थोडा निराळा आहे. हा अर्ज ज्या बालगायकवृंदाविषयी आहे तो त्या वेळी पाचशे वर्षांहून जुना होता, आज त्याने आठशे वर्षे ओलांडली आहेत. आणि इतका काळ तो जगला यात त्याच्या एकट्यादुकट्या अलौकिक गुरूचा जितका वाटा आहे तितकाच, कुरकुर करीत का होईना, दर साली त्याच्या नावे रक्कम खर्ची घालणाऱ्या त्या नगरसभेच्या जमाखर्चाचाही आहे.

मूळ सनद १२१२ सालची. माइसेन प्रांताचा अधिपती डीट्रिश याने लायप्झिग येथे ऑगस्टीनपंथी धर्मोपदेशकांचा मठ स्थापन करण्याचे योजिले आणि त्यास सम्राट चौथा ऑटो याने त्या वर्षीच्या मार्चमध्ये फ्रांकफुर्टच्या दरबारात मान्यता दिली. मठ म्हटला की नित्य उपासना आली, उपासना म्हटली की गायन आले, आणि वरच्या पट्टीतील स्वरांसाठी मुले आली. त्या मुलांना गाता यावे म्हणून लॅटिन शिकवावयाचे, तेव्हा शाळाही आली. मठ ज्याच्या नावाने उभा राहिला तो ख्रिस्तशिष्य थॉमस हिंदुस्थानात धर्मप्रसारार्थ येऊन मद्रासजवळ मैलापूर येथे मृत्यू पावला अशी श्रद्धा आहे; आणि लायप्झिगची आख्यायिका अशी की, हाइनरिश फॉन मोरुंगेन नावाचा त्या काळचा एक सरदार कवी हिंदुस्थानापर्यंत प्रवास करून आला, येताना या संताचा अस्थिशेष बरोबर घेऊन आला आणि तो त्याने मठास अर्पण केला. आख्यायिकेचे मोल आख्यायिकेइतकेच धरावे. तथापि शेकडो वर्षे त्या मुलांच्या गाण्याच्या तळाशी आपल्याकडच्या मातीची एक चिमूट होती असे त्या गावाने मानले, ही गोष्ट मराठी वाचकाला गमतीची वाटेल.

अशा वृंदाची एक अडचण अशी आहे की जिच्यावर कोणत्याही नगरसभेचा ठराव चालत नाही. वाद्य घेतले तर ते पिढ्यान्‌पिढ्या वाजते. मुलाचा आवाज मोठ्या मेहनतीने घडवावा, तो ऐन तयारीला यावा, आणि एके सकाळी फुटावा. आमच्याकडील नाटक मंडळ्यांच्या मालकांना ही धास्ती पुरती ठाऊक होती. स्त्रीपार्टी पोराचा घसा खरखरू लागला की मंडळीचा पुढला मुक्काम कसा निभवावा या विवंचनेत मालकाची झोप उडत असे. बाखच्या काळी दैव थोडे तरी अनुकूल होते. शाळेच्या १७२७ ते १७४९ या काळातील नोंदींवरून एका अभ्यासकाने १९७० साली असे दाखविले की, त्या वेळी मुलांचे आवाज साधारणतः साडेसोळा-सतराव्या वर्षी फुटत, आणि १७४० नंतर ऑस्ट्रियाच्या गादीवरून झालेल्या युद्धाचा जाच लायप्झिगला लागला तेव्हा ते वय आणखी पुढे गेले. आज खाणेपिणे सुधारले आहे आणि तोच आवाज तेराव्या वर्षाच्या आसपास जातो. म्हणजे जो आवाज बाखला सोळा-सतराव्या वर्षापर्यंत वापरता येई तो आजच्या कांटोरला जेमतेम चार वर्षे मिळतो. मुलाच्या पोटाला चांगले मिळाले की संगीताचा तोटा व्हावा, असा विचित्र व्यवहार जगात क्वचितच सापडेल.

१५३९ च्या पेंटेकॉस्टच्या सणाला धर्मसुधारक मार्टिन लूथरने स्वतः थॉमसच्या चर्चमध्ये प्रवचन केले, सॅक्सनीत नवा पंथ राजमान्य झाला, मठ मोडला. असे मठ मोडले तेव्हा जर्मनीत कितीतरी वृंद त्यांच्याबरोबर बुडाले. लायप्झिगच्या व्यापारी नगरसभेने मात्र १५४३ साली शाळा आपल्या ताब्यात घेतली आणि मुलांचे खाणे, राहणे व शिक्षण यांचा भार उचलला. लूथरला संगीताविषयी अपार आस्था होती हे एक कारण. दुसरे असे की, जत्रेच्या पेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराला आपल्या चर्चमध्ये इभ्रतीला शोभेल असे गाणे हवे होते. तेव्हापासून कांटोर हा नगराचा चाकर झाला. या चाकरीत मोठमोठी माणसे येऊन गेली. १५९४ पासून एकवीस वर्षे ती करणारा सेथुस काल्विसियुस हा गणिती आणि ज्योतिषी होता व कालगणनेवरील ग्रंथांसाठी युरोपभर ओळखला जाई. त्याच्यामागून आलेला योहान हेर्मान शाइन तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत रचना करीत राहिला आणि १६३० साली अकाली वारला. बाखच्या लगेच आधीचा योहान कुनाउ हा विद्वान आणि सोशिक गृहस्थ. शहरात १६९३ साली ऑपेरा सुरू झाला आणि आपली तयार झालेली पोरे तिकडच्या झगमगाटाला भुलून पळतात, अशी तक्रार नगरसभेकडे करता करता त्याचे दिवस गेले.

१७२२ मध्ये कुनाउ वारला तेव्हा नगरसभेने प्रथम टेलेमान या नामवंत संगीतकाराची निवड केली; त्याने हांबुर्गमध्ये त्या जोरावर पगार वाढवून घेतला आणि नकार दिला. मग ग्राउप्नर हा दुसरा संगीतकार निवडला गेला, पण डार्मश्टाटच्या त्याच्या धन्याने त्याला सोडले नाही. उत्तम मिळत नाहीत तर मध्यमावर भागविले पाहिजे, अशा अर्थाचे एका सभासदाचे उद्गार दप्तरात नमूद आहेत, आणि तो मध्यम म्हणजे बाख. ५ मे १७२३ रोजी त्याच्याकडून जो चौदा कलमी मुचलका लिहून घेण्यात आला तो वाचण्यासारखा आहे. चर्चमधील संगीत फार लांबवू नये, ते ऑपेरासारखे वाटू नये, ऐकणाऱ्याच्या मनात भक्ती उपजावी. चर्चला वादकांचा नाहक खर्च पडू नये म्हणून मुलांना वाद्येही शिकवावीत. नगराध्यक्षाच्या परवानगीवाचून शहर सोडू नये. आणि प्रेतयात्रेत, रिवाजाप्रमाणे, होता होईल तो मुलांबरोबर चालावे.

या शेवटच्या कलमात शाळेच्या अर्थकारणाचे मर्म आहे. शाळेत ठेवलेली पन्नास-पंचावन्न मुले ही बहुधा गरिबाघरची, आणि त्यांच्या गाण्याला बाजारभाव होता. लग्नात ती गात, नव्या वर्षाला दारोदार गात हिंडत, आणि अंत्ययात्रेपुढे गात चालत. अंत्ययात्रांच्या प्रती ठरलेल्या होत्या : श्रीमंताच्या प्रेतयात्रेला पूर्ण शाळा, बेताच्या घरी अर्धी शाळा, गरिबाला पाव शाळा, आणि जो आकार पडे त्यातून मुलांना, शिक्षकांना व कांटोरला ठरावीक हिस्सा मिळे. बाखचा ठरीव तनखा शंभर टालर, म्हणजे तिकडची चांदीची नाणी, यांच्या घरात होता. वर्षाकाठी सातशे टालरपर्यंतची बाकी सगळी कमाई अशा किरकोळ हक्कांची. त्याच १७३० च्या ऑक्टोबरात डान्झिगमधल्या एर्डमान या आपल्या शाळूसोबत्याला लिहिलेल्या पत्रात त्याने गाऱ्हाणे मांडले आहे की, शहराची हवा निरोगी राहिली की माणसे मरत नाहीत आणि उत्पन्न बुडते. गेल्या साली या एका सदरात शंभर टालरहून अधिक खोट आली. हे वाक्य लिहिणारा माणूस क्रूर नव्हता. त्याची स्वतःची कितीतरी मुले त्या शहराने स्मशानात पोचविली होती. पण घरात खाणारी तोंडे पुष्कळ होती, आणि हिशेब तो हिशेब.

मुलांचा दिवस उन्हाळ्यात पाचाला आणि हिवाळ्यात सहाला सुरू होई. मुख्याध्यापक, कांटोर व आणखी दोघे शिक्षक आळीपाळीने आठवडाभर वसतिगृहाची देखरेख करीत. ज्याचा आठवडा असे त्याने प्रार्थना, जेवण, दिवाबत्ती सगळे पाहावयाचे. रविवारची मुख्य उपासना सकाळी सातला उभी राही ती तीन-चार तास चाले, त्यातला तासभर प्रवचनाचा. चर्चमध्ये शेगडी नसे. त्या गारठ्यात, दर रविवारी नवा कांटाटा, म्हणजे उपासनेत वाद्यांसह गावयाची अनेक भागांची रचना, ही बाखच्या पहिल्या काही वर्षांची चाल होती. तो लिहावयाचा त्याने, त्याच्या प्रती करावयाच्या बायकोने, मुलांनी आणि शाळेतल्या हुशार पोरांनी, आणि शाई वाळते न वाळते तोच तालीम करून तो सज्ज्यावर उभा करावयाचा. हे वेळापत्रक डोळ्यांपुढे आणले म्हणजे मग ती यादी पुन्हा वाचावी. शहरात सेंट थॉमस, सेंट निकोलस, नवे चर्च आणि सेंट पीटर अशा चार ठिकाणी एकाच वेळी मुले पाठवावी लागत. प्रत्येक वृंदात निदान बारा जण हवेत, सोळा असले तर बरे, असे बाख लिहितो. आणि बाराच का, तर एखादा आजारी पडला तरी दोन वृंदांचे मोटेट, म्हणजे अनेक स्वरांत गावयाचे धर्मगीत, निभावेल म्हणून. आणि आजारी पडतात हे खोटे वाटत असेल तर शाळेच्या वैद्याने औषधवाल्याकडे पाठविलेल्या चिठ्ठ्या तपासाव्यात! सेंट पीटरच्या वाट्याला उरलासुरला गाळ जातो, ज्यांना संगीत कळत नाही आणि साधे स्तोत्रही कसेबसे म्हणता येते असली मुले, हेही त्याने स्पष्ट नोंदविले. नगराच्या तैनातीतल्या आठ वादकांच्या गुणवत्तेविषयी खरे बोलण्यास मात्र विनय आड येतो, एवढेच लिहून तो थांबला.

नगरसभेची बाजूही ऐकावी. तीनच आठवडे आधी, २ ऑगस्टच्या बैठकीत, कांटोर काही काम करीत नाही, लॅटिनचे तास दुसऱ्याला पन्नास टालर देऊन लावून दिले तेही नीट चालत नाहीत, विचारले तर उत्तर देत नाही, हा माणूस सुधारणार नाही, अशी चर्चा होऊन त्याची वरकड मिळकत कापण्याचे ठरले होते. अर्ज आला तो या पार्श्वभूमीवर. त्यास उत्तर गेल्याचे दिसत नाही. दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे होते असे म्हणणे सोपे आहे. आम्हास वाटते की दोन्ही पक्ष हट्टी होते, आणि मुले मध्ये सापडली.

कशी सापडली ते १७३६ च्या एका प्रकरणावरून दिसते. मुख्याध्यापक गेस्नर, ज्याने शाळेच्या इमारतीवर दोन मजले चढविले आणि बाखचे कौतुक ज्याने पुढे क्विंटिलियन या रोमन ग्रंथकारावरच्या टिपेत लिहून ठेवले, तो निघून गेला होता. त्याच्या जागी एर्नेस्टी नावाचा, तिशीही न गाठलेला, तीक्ष्ण बुद्धीचा विद्वान आला होता. त्याला मुलांनी ग्रंथ वाचावेत असे वाटे, सारंगी घासू नये. वृंदाचा पहिला नायक, ज्याला तेथे प्रीफेक्ट म्हणतात, तो क्राउझ आडनावाचा मुलगा; एका लग्नसमारंभात दंगा करणाऱ्या लहान मुलांना त्याने प्रमाणाबाहेर मारले. एर्नेस्टीने त्याला सगळ्या शाळेसमोर फटके देण्याचा हुकूम केला. मुलगा पळून गेला. त्याच्या जागी मुख्याध्यापकाने दुसरा एक क्राउझ नेमला. हा दुसरा क्राउझ गाण्यात कच्चा होता, आणि प्रीफेक्ट नेमण्याचा हक्क कांटोरचा आहे असे बाखचे म्हणणे. ऑगस्टातल्या एका रविवारी बाख उपासनेच्या ऐन मध्यात सज्ज्यावर गेला आणि त्याने मोठ्याने खडसावून त्या मुलाला तेथून हाकलून दिले. मुख्याध्यापकाने तंबी दिली होती की दुसऱ्या कोणी नायकाची जागा घेतली तर गय होणार नाही. म्हणून एकही मुलगा पुढे होईना, शेवटी बाखचा जुना शिष्य क्रेब्स उठला आणि त्याने वेळ निभावली. त्या संध्याकाळी वसतिगृहात, मुख्याध्यापकाचे ऐकले म्हणून, बाखने आणखी एका मुलाला भरल्या पंगतीतून उठविले. उपाशी निजलेल्या त्या पोराची नोंद संगीताच्या इतिहासात कोणी ठळक करीत नाही. अर्ज, प्रतिअर्ज, धर्मसभा, शेवटी थेट राजाकडे दाद, असे दोन वर्षे चालले. निकाल नीटसा कधी लागला नाही, कारण दरम्यान ईस्टर आला आणि त्या दुसऱ्या क्राउझची शाळाच संपली.

२८ जुलै १७५० रोजी बाख वारला. त्याची विधवा आना माग्दालेना हिने घर लगेच रिकामे करावयाचे होते; आणखी सहा महिने शाळेच्या इमारतीत राहू देण्याच्या मोबदल्यात तिने स्तोत्राधारित कांटाटांच्या स्वरप्रती शाळेच्या हवाली केल्या. अशा ४४ रचनांचे संच आज लायप्झिगच्या बाख-संग्रहालयात आहेत. नगरसभेला त्यांची किंमत कळली होती असे म्हणवत नाही. पण कागद दप्तरात गेला की जपून ठेवावयाचा, या कारकुनी धर्माने ते वाचले. वडिलांच्या पश्चात थोरल्या मुलाच्या वाट्याला गेलेल्या हस्तलिखितांची जी वाताहत झाली ती पाहता, हा सौदा संगीताला स्वस्तात पडला.

मधल्या काळात जग बाखला विसरले होते, असे सर्रास लिहितात. या मुलांना तो विसरता आला नाही. त्याची मोटेट त्यांच्या नित्यपाठात होती. १७८९ च्या एप्रिलमध्ये मोझार्ट लायप्झिगला आला तेव्हा कांटोर होता बाखचाच शिष्य डोलेस, चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्याने पाहुण्यासाठी मुलांकडून ‘झिंगेट डेम हेर्न’ हे दोन वृंदांचे मोटेट म्हणविले. शाळेचा तेव्हाचा विद्यार्थी रोख्लिट्स याने पुढे आपल्या नियतकालिकात लिहून ठेवले आहे की, काही ओळी झाल्या न झाल्या तोच मोझार्ट दचकून बसला, आणि गाणे संपल्यावर, येथे अजून शिकण्यासारखे काही आहे, असे आनंदाने ओरडला. एकत्रित प्रत नव्हतीच, तेव्हा सुट्या स्वरप्रती आणविल्या. त्या त्याने दोन्ही हातांत, गुडघ्यांवर, शेजारच्या खुर्च्यांवर पसरल्या आणि सगळ्या नजरेखालून घालीपर्यंत तो उठला नाही. रोख्लिट्सला तिखटमीठ लावण्याची सवय होती हे खरे. परंतु मोझार्टने करून घेतलेली त्या मोटेटची प्रत व्हिएन्नात अजून आहे, आणि तिच्यावर, याला पूर्ण वाद्यमेळ जोडला पाहिजे, अशी त्याच्या हातची नोंद आहे.

एकोणिसावे शतक वृंदाला सुखाचे गेले, म्हणून त्याविषयी सांगण्यासारखे थोडे. कांटोर वाइनलिगजवळ रिखार्ड वाग्नरने काही महिने रचनाशास्त्राचे धडे घेतले. कांटोर हाउप्टमान १८५० साली स्थापन झालेल्या बाख मंडळाच्या प्रवर्तकांत होता, आणि त्या मंडळाने पन्नास वर्षांत ४६ खंडांत बाखचे समग्र संगीत छापून काढले. १९०८ मध्ये चर्चशेजारी बाखचा पुतळा बसविला. शिल्पकार झेफ्नरने त्याच्या कोटाचा डावा खिसा उलटा, रिकामा दाखविला आहे.

विसाव्या शतकात मात्र सगळेच फिरले. कार्ल श्ट्राउबे याने १९२० मध्ये मुलांना प्रथम परदेशी नेले आणि १९३१ ते १९३७ या काळात दर रविवारी आकाशवाणीवरून बाखचे कांटाटे एकामागून एक प्रक्षेपित केले. ज्या गाण्यासाठी पूर्वी गारठलेल्या चर्चमध्ये बसावे लागे ते आता स्वयंपाकघरातही ऐकू येऊ लागले. त्याच १९३७ मध्ये अख्खा वृंद हिटलरच्या युवक संघटनेत सामील करण्यात आला. ४ डिसेंबर १९४३ च्या पहाटे लायप्झिगवर बॉम्ब पडले, शाळेची इमारत गेली, आणि नवा कांटोर ग्युंटर रामिन मुलांना घेऊन तीसेक किलोमीटरवरच्या ग्रिम्मा या लहान गावी गेला. १९४५ मध्ये परत आले तेव्हा शहरात आधी अमेरिकन होते, मग रशियन. पुढली चाळीस वर्षे पूर्व जर्मनीच्या देव न मानणाऱ्या राजवटीने देवाचे गाणे गाणारी ही मुले सांभाळली, जगभर फिरविली, कारण त्यांच्या नावाला बाहेर मान होता. आणि १९६० मध्ये पश्चिम जर्मनीचा ठरलेला दौरा तिने रद्द केला तेव्हा कांटोर कुर्ट टोमास राजीनामा देऊन पलीकडे निघून गेला. राजवट कोसळल्यावर १९९१ साली आणखी एका कांटोरला, जुन्या गुप्त पोलिसांशी असलेल्या संबंधांमुळे, पद सोडावे लागले. त्याच्यामागून आलेला गेओर्ग क्रिस्टोफ बिलर हा स्वतः लहानपणी याच वृंदात गाइलेला. २०२१ पासून आंद्रेआस राइत्से हा स्वित्झर्लंडचा गृहस्थ कांटोर आहे, आणि तो कॅथलिक आहे. लूथरच्या त्या प्रवचनानंतर असे प्रथमच घडले.

आज नऊ ते अठरा वर्षांची सुमारे शंभर मुले या वृंदात आहेत. आपल्या वसतिगृहाला ती ‘कास्टन’ म्हणजे पेटी म्हणतात. खोल्यांत थोरली-धाकटी एकत्र राहतात, आणि धाकट्यांचे गृहपाठ, भांडणे, घरच्या आठवणीने आलेले रडू हे सारे थोरल्यांनी निस्तरावयाचे असते. प्रीफेक्ट अजून आहेत. खर्च अजून नगराकडेच आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला थॉमसच्या चर्चमध्ये मोटेटचा कार्यक्रम होतो, शनिवारी त्यात बहुधा बाखचा एखादा कांटाटा असतो. मुले पश्चिमेकडील सज्ज्यावर उभी राहतात, धाकटी निळ्या खलाशी अंगरख्यांत आणि थोरली काळ्या पोशाखात. आणि समोर, चर्चच्या दुसऱ्या टोकाला, वेदीपुढच्या फरशीत १९५० पासून बाखची समाधी आहे. त्या निळ्या रांगेच्या कडेला उभा असलेला तेरा वर्षांचा एखादा मुलगा वरचा स्वर घेताना क्षणभर थबकतो, शेजाऱ्याकडे पाहतो, आणि पुढली ओळ नुसतेच ओठ हलवून काढतो.